‘काव्हालेरिया’ आणि ‘पाल्याच्ची’ पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंदुस्थानी संगीत आणि नाट्यपदं ऐकत वाढलेलं एक जोडपं इटलीला निघालंय. मास्कान्यीचा ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ आणि लेओन्काव्हाल्लोचा ‘पाल्याच्ची’ हे दोन छोटे ऑपेरा एकाच संध्याकाळी पाहायची संधी त्यांना दोन ठिकाणी आहे. एक प्रयोग व्हेरोनाच्या उघड्या रोमन अरेनात, दुसरा एका जुन्या बंदिस्त थिएटरात. कुठला घ्यावा, कुठे बसावं, आधी काय तयारी करावी आणि भाषा येत नसेल तर हाती काय लागेल, असं त्यांनी विचारलंय.

पहिल्यांदाच जात असाल तर बंदिस्त थिएटरातला प्रयोग घ्या. व्हेरोना सुंदर आहे, तिथे एकदा जरूर जावं. पण या जोडीतलं जे अगदी खास आहे, ते उघड्यावर बरंचसं विरून जातं. ते खास म्हणजे आवाजातलं अंतर. कोण कुठून गातंय, किती लांबून, भिंतीच्या अलीकडून की पलीकडून, यावर ‘काव्हालेरिया’ची सगळी गोष्ट उभी आहे. रेकॉर्डिंगमध्ये हे अंतर जवळजवळ सपाट होतं. म्हणून घरी कित्येकदा ऐकलेला माणूसही थिएटरात पहिल्या दोन मिनिटांतच सावरून बसतो.

मी ऑपेरा थिएटरांत गायकांना तालमीत पियानोची साथ करते, त्यांच्याकडून भूमिका बसवून घेते. प्रयोगाच्या रात्री माझी जागा बहुतेक वेळा विंगेत असते, कारण पडद्यामागून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना इशारे द्यायचे असतात. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यात मंचाच्या मागची बाजू जास्त येईल, आणि या ऑपेराच्या आत शिरायला मला तीच वाट सर्वांत जवळची वाटते.

दिवे मंदावतात, वाद्यवृंद संथ प्रस्तावना वाजवू लागतो, पडदा अजून खालीच असतो. प्रस्तावनेच्या मध्येच वाद्यवृंद गप्प होतो आणि बंद पडद्यामागून हार्प आणि एका पुरुषाचा आवाज येतो. हा तुरिद्दू. तो लोलासाठी गातोय, आणि लोला आता दुसऱ्याची बायको आहे. बाकी ऑपेरा इटालियनमध्ये असला तरी हे एक गाणं सिसिलीच्या बोलीत आहे. तुझ्या दारात रक्त सांडलंय, तिथे मी मारला गेलो तरी मला त्याची पर्वा नाही, असं तो म्हणतो. मेल्यावर स्वर्गात गेलो आणि तू तिथे नसलीस तर मी आत पाऊलही टाकणार नाही, असंही म्हणतो. शेवटी काय होणार ते गायकाचा चेहरा दिसण्याआधीच सांगून झालेलं असतं.

या गाण्यासाठी तालमीत बराच वेळ जातो. टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, पडद्याला अगदी चिकटून उभा राहिला तर मैफिलीसारखं ऐकू येतं, फार मागे गेला तर शब्द पुसले जातात. म्हणून कोणीतरी प्रेक्षागृहात बसून ऐकतं आणि मागे आम्ही गायकाला दोन पावलं पुढे, तीन मागे असं हलवत राहतो. टेनरसाठी तर ही कठीणच सुरुवात, कारण गळा तापायच्या आत उघडा, एकटा आवाज लावायचा, खाली फक्त हार्प. पहिल्या ओळीत आवाज किंचित कापला तरी मला तो चांगला वाटतो. पहाटे कोणाच्या दाराखाली गाणारा माणूस तसाच गात असेल.

पडदा उघडतो तेव्हा ईस्टरची सकाळ आहे. सिसिलीतल्या एका गावाचा चौक, एका बाजूला चर्च, समोर तुरिद्दूच्या आईचं, मम्मा लुचिआचं दारूचं दुकान. इथून पुढे एक गोष्ट मनात पक्की धरून ठेवा: सान्तुत्सा चर्चच्या आत जाऊ शकत नाही. तुरिद्दू सैन्यातून परतला तेव्हा लोलाचं लग्न गाडीवान आल्फिओशी झालेलं होतं. मग तो सान्तुत्साच्या जवळ आला, आणि लोलाने पुन्हा खुणावल्यावर सान्तुत्साला सोडून परत तिच्याकडे वळला. सान्तुत्साची गावात बेअब्रू झालीय, तिला धर्मबहिष्कृत केलंय. त्यामुळे ईस्टरची प्रार्थना सुरू होते तेव्हा गाव दोन भागांत वाटलं जातं. चर्चमधून ऑर्गन आणि लॅटिन प्रार्थना येते, बाहेर चौकात गुडघे टेकलेले गावकरी इटालियनमध्ये गातात, आणि त्या सगळ्यांच्या वर सान्तुत्साचा आवाज चढतो. आपण प्रेक्षकही तिच्यासारखेच बाहेर बसलेलो असतो. पूर्ण ऑपेराभर चर्चचा आतला भाग आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

हे जुळवणं किती नाजूक असतं तेही सांगते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आतला कोरस मंचाच्या मागे, वाद्यवृंदापासून १५-२० मीटरवर असेल, तर त्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा भाग उशीर होतो. कानाला एवढंही खटकतं. म्हणून मागे उभी असलेली व्यक्ती मॉनिटरवर कंडक्टरचा हात पाहते आणि आपल्या गायकांना ताल कणभर आधी दाखवते. मागे उभं राहून ऐकलं तर सगळं चुकल्यासारखं वाटतं, आणि बाहेर मात्र बरोबर लागतं. आपल्या कानावर विश्वास न ठेवता काम करायची सवय लागायला मला फार वेळ लागला.

नंतर सान्तुत्सा आणि तुरिद्दूचं भांडण रंगात येतं, तेवढ्यात लोला गुणगुणत येते. तीही आधी ऐकू येते, मग दिसते. हलकंफुलकं, फुलाच्या नावाने सुरू होणारं गाणं. भांडणाच्या ऐन मध्यावर असा निश्चिंत आवाज लांबून आला की सान्तुत्साला काय झालं असेल, ते समजायला एकही इटालियन शब्द लागत नाही. तुरिद्दू तिला ढकलून लोलाच्या मागे चर्चमध्ये जातो. सान्तुत्सा त्याला वाईट ईस्टरचा शाप देते, आणि आल्फिओ समोर आल्यावर त्याला सगळं सांगून टाकते. सूर्य मावळायच्या आत सूड घेईन, अशी शपथ घेऊन तो जातो.

आणि मग येतं ते इंटरमेझ्झो, मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा. चौक रिकामा. गाव आत प्रार्थनेत. मुख्यतः तंतुवाद्यं, हार्प, ऑर्गन. तीनेक मिनिटांत काहीही घडत नाही, आणि याच मिनिटांत तुम्हाला कळतं की आता काहीच थांबवता येणार नाही. हल्ली काही दिग्दर्शक इथे मिरवणूक आणतात, मूकनाट्य घालतात, लहानपणचे प्रसंग दाखवतात. मला ते मुळीच पटत नाही. मास्कान्यीने रिकामा चौक मागितलाय, तो रिकामाच ठेवावा. तुमच्या प्रयोगात मंचावर गर्दी असेल तर डोळे मिटून ऐका.

शेवटाकडे तुरिद्दू दारूच्या दुकानासमोर पेला उंचावून गातो, आल्फिओ त्याच्या हातची दारू नाकारतो. दोघे एकमेकांना मिठी मारतात आणि तुरिद्दू आल्फिओच्या उजव्या कानाला चावतो. ही द्वंद्वाचं आव्हान स्वीकारल्याची खूण. क्षणभरात होऊन जातं, माहीत नसलं तर ती मिठी दोस्तीची वाटते. मग आईचा निरोप घेऊन तो धावत जातो. मंचावर लढाई नाही. काही क्षण वाद्यवृंद खाली घुमत राहतो, आणि फार लांबून एक बाई ओरडते की तुरिद्दूला मारलं. ती ओळ सुरात नाही, ती नुसती हाक आहे. बहुतेक ठिकाणी कोरसमधल्या एखाद्या बाईला ती दिलेली असते, आणि कोणाला द्यायची यावर खरोखर चर्चा होते, कारण गाणाऱ्या गळ्याला सूर सोडून ओरडणं सोपं नसतं.

जोव्हान्नी व्हेर्गाची मूळ कथा १८८० ची, मोजक्या पानांची. तिच्यात मारामारी डोळ्यांसमोर घडते, आल्फिओ तुरिद्दूच्या डोळ्यांत माती फेकतो. व्हेर्गाने १८८४ मध्ये त्याचं नाटक केलं तेव्हा मारामारी मंचाबाहेर गेली आणि ऑपेराने तेच ठेवलं. मला हा फार मोठा निर्णय वाटतो. व्हेरिस्मो म्हणजे वास्तववाद, म्हणून मंचावर रक्त आणि सुरे दिसतील अशा अपेक्षेने लोक येतात, आणि या प्रवाहाच्या पहिल्याच मोठ्या ऑपेरात मृत्यू येतो तो फक्त कानांवर.

मास्कान्यी तेव्हा २६ वर्षांचा होता, दक्षिणेतल्या चेरिन्योला गावात संगीत शिकवून आणि बँड चालवून पोट भरत होता. सोन्त्सोन्यो या प्रकाशकाने एकांकी ऑपेरांची स्पर्धा लावली होती, ती त्याने जिंकली. १७ मे १८९० ला रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीत पहिला प्रयोग झाला आणि एका रात्रीत त्याचं आयुष्य बदललं. तीच इमारत आज रोमचं ऑपेरा थिएटर आहे, तुम्ही रोममध्ये असाल तर बाहेरून तरी पाहून या.

आता जागेबद्दल. बंदिस्त थिएटरात गायकांना माइक नसतो. ऐंशीच्या आसपास वादक वाजवत असताना एक माणूस शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, कारण तयार गळ्यात ३००० हर्ट्झच्या जवळपास आवाजाची ताकद एकवटलेली असते आणि वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असतो. हा झणकार खोलीत पसरून वर जातो. म्हणून अगदी पुढच्या रांगांतली महागडी तिकिटं मी कोणाला सुचवत नाही, तिथे पिटमधली, म्हणजे मंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यातली, पितळी वाद्यं छातीवर येतात आणि गायक डोक्यावरून जातात. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या जुन्या इटालियन थिएटरांत बाजूच्या बॉक्समधल्या मागच्या खुर्चीवरून मंचाचा मोठा भाग दिसतच नाही, तीही टाळा. सर्वांत वरची, सर्वांत स्वस्त गॅलरी, जिला ते लोज्जोने म्हणतात, ती मध्यभागी मिळाली तर मोकळ्या मनाने घ्या. तिथे सगळे आवाज एकजीव होऊन येतात आणि मागचा, पुढचा, आतला, बाहेरचा हा फरक स्वच्छ कळतो. इटलीतले जुने जाणकारही तिथेच बसतात. त्यांच्यात बसून ऐकण्याचं शिक्षण वेगळंच.

माइकची सवय असलेल्या कानाला पहिली दहा मिनिटं सगळं लहान वाटेल. घाबरू नका, कान आपोआप जुळतात. सान्तुत्साचे खालचे सूर कधी वाद्यवृंदात बुडतील. तेही असू द्या. या ऑपेरांत भावना चढली की तंतुवाद्यं गायकाचीच चाल त्याच्याबरोबर वाजवू लागतात. त्या वेळी गळा आणि व्हायोलिन वेगळे ओळखायचा प्रयत्न करू नका.

मध्यंतरानंतर ‘पाल्याच्ची’. २१ मे १८९२ ला मिलानच्या तेआत्रो दाल व्हेर्मेत हा पहिल्यांदा झाला, कंडक्टर होता २५ वर्षांचा आर्तुरो तोस्कानिनी. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दोन्ही एका संध्याकाळी लागले आणि पुढे ही जोडी जगभर रूढ झाली. दोन्हींत मत्सर आणि सुरा आहे म्हणून ते जोडले जातात, पण शेजारी ठेवून ऐकले की उलटेच निघतात. ‘काव्हालेरिया’ सगळं भिंतीपलीकडे ढकलतो, ‘पाल्याच्ची’ सगळं पुढे खेचून आणतो. वाद्यवृंद वाजत असताना तोनिओ, गोष्टीतल्या नटांपैकी एक, बंद पडद्यातून डोकं काढतो, येऊ का विचारतो आणि थेट आपल्याशी बोलू लागतो. आम्ही नटही हाडामांसाची माणसं आहोत, लेखकाने जगण्याचाच एक तुकडा तुमच्यापुढे मांडलाय, असं तो सांगतो. या प्रोलॉगच्या, म्हणजे नांदीच्या, शेवटी बॅरिटोन (मधल्या पट्टीचे पुरुष गायक) जे उंच सूर लावतात ते लेओन्काव्हाल्लोने लिहिलेले नाहीत, परंपरेने आलेत. ते न लावणारा गायक कमी प्रतीचा समजू नका.

पुढे कालाब्रियातल्या मोन्ताल्तो गावी, १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाला, बेसूर तुतारी आणि मोठा ढोल वाजवत फिरत्या नटांची टोळी येते. टोळीचा मालक कानिओ गावकऱ्यांना २३ वाजताच्या खेळाचं आमंत्रण देतो. सबटायटल वाचून गोंधळू नका: तिथे दिवसाचे तास सूर्यास्तापासून मोजत, म्हणजे खेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीचा. त्याची बायको नेद्दा गावातल्या सिल्व्हिओबरोबर पळून जाणार आहे, ते त्याला कळतं, आणि तरी रंग फासून विदूषक व्हावं लागतं. त्या प्रसंगीचं गाणं सगळ्यांना माहीत असतं. ते कारुझो या गाजलेल्या टेनरच्या काळापासून हुंदक्यांसह गाण्याची पद्धत पडलीय, आणि कित्येक टेनर इतके रडतात की आपल्याला रडायला काही उरत नाही. चांगला गायक सूर शेवटपर्यंत धरून ठेवतो. त्यानंतर वाद्यवृंदाचा भाग अजून बाकी असतो आणि टाळ्यांत तो नेहमी बुडतो. तुम्ही तरी तो ऐका.

दुसऱ्या अंकातला नाटकातला खेळ हा माझा सर्वांत आवडता भाग. खेळाचं संगीत मुद्दाम जुन्या, अठराव्या शतकातल्या नाजूक नाचांच्या वळणाचं आहे. कानिओचा तोल सुटतो, मी आता विदूषक नाही असं तो गर्जतो, आणि मंचावरचे गावकरी काय करतात? वाहवा करतात. किती खरं वाटतंय, म्हणतात. नेद्दा जिवाच्या आकांताने तोच नाजूक नाच पुन्हा सुरू करून खेळ सावरू पाहते. ती चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा पोटात गोळा येतो. इथे आवाज लांबून येत नाही, अगदी समोर असतो, आणि तरी ते प्रेक्षक ओळखत नाहीत. खेळ संपला ही शेवटची ओळ मुळात तोनिओची होती. आता बहुतेक ठिकाणी कानिओ म्हणतो. ज्याने सुरुवातीला आपल्याशी बोलून खेळ उघडला त्यानेच तो बंद करावा, या मताची मी आहे.

तयारी एवढीच करा. दोन्ही लिब्रेत्तो, म्हणजे ऑपेरांच्या संहिता, इंग्रजी भाषांतरासह आधी दोनदा वाचून काढा, म्हणजे प्रयोगात मान वर करून सबटायटल वाचण्यात कान वाया जाणार नाहीत. एकच रेकॉर्डिंग पाठ होईपर्यंत ऐकू नका, नाहीतर समोरच्या गायकाचं सगळं त्याच्याशी ताडत बसाल. मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगांचं प्रक्षेपण लागतं, ते चेहरे पाहायला उत्तम. अंतर मात्र तिथे कळणार नाही, कारण प्रत्येक आवाज माइकने जवळ आणलेला असतो. आणि मुंबईचा या जगाशी संबंध आजचा नाही. गावोगाव फिरणाऱ्या इटालियन ऑपेरा कंपन्या इथे येत, आणि त्यांचं पाहूनच गोव्यातल्या आसगावच्या लुकाझिन्यो रिबेरोने ‘इटालियन भुरगो’ हा पहिला कोंकणी तियात्र, म्हणजे गाण्यांचं नाटक, न्यू आल्फ्रेड थिएटरात उभा केला, तारीख १७ एप्रिल १८९२. त्या दिवशीही ईस्टरच होता, आणि महिन्याभराने मिलानमध्ये ‘पाल्याच्ची’चा पडदा वर गेला. गोव्याच्या माणसाला हे ऑपेरा परके वाटायचं कारण नाही.

टाळ्यांचं म्हणाल तर आपल्याकडे वन्समोअर मागत तसं इटलीत ‘बिस’ मागतात, पण आता क्वचितच मिळतो. मोठं गाणं पूर्ण संपल्यावर वाजवा, शंका असेल तर गॅलरीकडे लक्ष ठेवा. तिथून नापसंतीही जोरात येते, दचकू नका. उशीर अजिबात करू नका. ‘काव्हालेरिया’ एकाच अंकाचा, सव्वा तासाच्या आतला आहे, दार बंद झालं तर मध्यंतरापर्यंत बाहेरच राहावं लागेल आणि पडद्यामागचं गाणं तर गेलंच. कपडे नीटनेटके असले की पुरे. मिलानच्या ला स्कालात मात्र हाफ पँट किंवा बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून आत सोडत नाहीत. तुमच्या तारखांना ही जोडी मिळालीच नाही तर पुचिनीचा ‘तोस्का’ घ्या. दुसऱ्या अंकात खिडकीतून गायन येत असतं आणि स्कार्पिया ती खिडकी बंद करतो, तिथे हीच अंतराची जादू आहे.

आणि वेळ, पैसे उरले तर व्हेरोनाही करा, पण नंतरच्या रात्री. तिथे १९१३ पासून ऑपेरा होतोय. सुरुवातीला पायऱ्यांवर लोक छोट्या मेणबत्त्या लावतात ते दृश्य पाहण्यासारखं असतं. दगडी पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात, बसायला उशी घ्या, पाणी घ्या. प्रयोग रात्री नऊ-साडेनऊला सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपतो, तेव्हा हॉटेल चालत जाण्याच्या टप्प्यात असू द्या. आणि तिकीट काढताना पावसाचा नियम वाचा: एकदा प्रयोग सुरू झाला आणि पावसाने अर्ध्यावर थांबला, तर पैसे परत मिळत नाहीत.